वऱ्हाड-एकची कॅप्टन

“बाहेरचं तापमान?” आईने विचारलं.

“शेहेचाळीस पूर्णांक दोन,” खिडकीच्या फटीतून व्हरांड्यातला थर्मामीटर वाचत बाबा म्हणाले. “ग्रह मनुष्यवस्तीला अयोग्य आहे, कॅप्टन.”

“इंधन?”

“कूलरची टाकी अर्ध्यावर आलीये.”

“खट, दोन बादल्या इंधन!”

“आ-देश-कळ-ला,” असं म्हणून माझी सात वर्षांची बहीण चिमी डोक्यावर पिठाची चाळणी घालून, गुडघे न वाकवता न्हाणीघराकडे चालू लागली. खट हे तिचं यंत्रमानवाचं नाव होतं. एरवी चिमीला पाण्याचा पेला आणायला सांगितलं तर ती “मीच काहून?” म्हणून अर्धा तास वाद घालायची. पण खट होऊन ती दुपारभर निमूट राबायची, आणि आईबाबा या गोष्टीचा पुरेपूर फायदा घ्यायचे.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातली, अकोल्याची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आमच्या कॉलनीतली बाकीची मुलं उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे जायची, दुपारी पत्ते कुटायची नाहीतर झोपा काढायची. आमच्याकडे जेवणं आटोपली की पडदे ओढून हॉलचं अवकाशयान व्हायचं. यानाचं नाव वऱ्हाड-एक. आई कॅप्टन, बाबा मुख्य इंजिनिअर, मी दिशादर्शक आणि चिमी खट. शेजारच्या काकू एकदा विरजण मागायला आल्या, तेव्हा बाबा जमिनीवर उताणे पडून कूलरच्या तळाशी “दाब वाढतोय, दाब वाढतोय” असं ओरडत होते. काकू विरजण न घेताच गेल्या.

बाबा शेतकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आई ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात अख्ख्या कॉलनीचे रेडिओ दुरुस्त करायची. दोघांचं लग्न जमलं ते दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांवरून झालेल्या भांडणातून, असं बाबा सांगायचे. बाबा कथा मोठ्याने वाचायचे, आई लाल पेन घेऊन बसायची. “थांबा. अवकाशात स्फोटाचा आवाज कसा ऐकू येईल? हवा कुठाय?” की लाल रेघ. आमच्या घरातल्या एकाही अंकातली एकही कथा पास झालेली नव्हती.

खेळ असा होता. दर आठवड्याला एकजण सूत्रधार व्हायचा. तो यानासमोर एक पेच टाकायचा: उल्का आल्या, इंजिन बिघडलं, कुणी परग्रहवासी दारात येऊन उभा राहिला. बाकीच्यांनी फासा टाकून मार्ग काढायचा. फासा बाबांनी दाराच्या उरलेल्या सागवानातून स्वतः घडवलेला, मोठ्या लिंबाएवढा. प्रत्येक फेक बाबा वहीत लिहून ठेवायचे, कारण आकडे दिसले की लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर आईच्या अक्षरात पहिला नियम होता: यानात झालेला निर्णय घरात पाळायचा, कुरकुर न करता.

हा नियम नुसता शोभेचा नव्हता. घरात एखाद्या गोष्टीवर एकमत झालं नाही की ती गोष्ट यानात जायची. आदल्या वर्षी स्वयंपाकघराला कोणता रंग द्यायचा ते यानात ठरलं, म्हणून आमचं स्वयंपाकघर जांभळं होतं. त्या रंगात वरणसुद्धा आजारी दिसायचं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आईला एक पत्र आलं. ते तिने लपवलं नाही, पण वाचूनही दाखवलं नाही, म्हणून मी ते चोरून वाचलं. पुण्याच्या पलीकडे एका पठारावर मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या. ताऱ्यांकडून येणारे रेडिओ-तरंग ऐकायच्या तबकड्या. तिथे एक वर्ष काम करायला कॉलेजातल्या मोजक्या शिक्षकांना बोलावलं होतं आणि त्यात सौ. शरयू ठोसर हे नाव होतं. राहायची सोय तिथेच. कुटुंब नेता येणार नाही. उत्तर एकवीस तारखेपर्यंत पोचायला हवं.

मी पत्र होतं तसं घडी करून ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. एक वर्ष म्हणजे माझी अख्खी आठवी. बाबांना वरण-भात आणि ऑम्लेट यापलीकडे काही येत नव्हतं. चिमीची वेणी घालायला त्यांना अर्धा तास लागायचा आणि शेवटी ती वेणी नसायचीच. पण खरं सांगायचं तर मला वेणीचं आणि वरणाचं काही पडलेलं नव्हतं. मला आई हवी होती, बस.

चार दिवस आईबाबा एकमेकांशी इतक्या आदबीने बोलत होते की ऐकवत नव्हतं.

“तुम्ही सांगा ना, काय करू?”

“तू ठरव. मी काय सांगणार?”

“तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा.”

“तुला वाटेल ते मला वाटतं.”

पाचव्या दिवशी जेवताना आईने ताटावरून हात उचलला आणि म्हणाली, “यानात टाकू या.”

बाबांचा घास तोंडाशीच थांबला. “शरयू, हा काही भिंतीचा रंग नाही.”

“नियमात कुठे लिहिलंय की फक्त रंगच?” आई म्हणाली, आणि मग तिने आम्हा दोघींना पत्राचं सगळं सांगितलं. मी जमेल तितकी आश्चर्यचकित झाले.

“वर्षभर म्हणजे किती?” चिमीने विचारलं.

“तुझा पुढचा वाढदिवस होईल ना, तोवर.”

“पण माझा वाढदिवस तर आत्ताच झाला!”

“हो ना,” आई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

“या आठवड्यात सूत्रधार मुक्ता आहे,” बाबा माझ्याकडे बघत हळूच म्हणाले. “लहान पोरीवर हे टाकणं बरं नाही. मी होतो सूत्रधार.”

“पाळी म्हणजे पाळी,” आतून आई म्हणाली. “रविवारी दुपारी.”

मला दोन दिवस मिळाले. मी ते वाया घालवले नाहीत. फाशावरचे ठिपके म्हणजे बाबांनी पाडलेली आणि काळ्या रंगाने भरलेली भोकं होती, आणि एकाचा ठिपका सगळ्यांत मोठा होता. तो मी न्हाणीघरात बसून कंपासच्या टोकाने खोल कोरला. आईच्या रेडिओच्या डब्यातून सोल्डरची, म्हणजे डाग द्यायची जड शिशाची तार घेतली, तिचे बारीक तुकडे करून आत ठासून भरले, वर मेण लावलं आणि मेणावर बूटपॉलिश. एकाची बाजू जड झाली की ती खाली बसणार आणि सहा वर येणार, हे मला आईनेच शिकवलेलं होतं. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार ढकलून चिमी आत आली.

“काय करून राहिली गं ताई?”

मी गडबडले, पण क्षणभरच. “खट! आदेश आहे. गेल्या पाच मिनिटांची स्मृती पुसून टाक.”

चिमीने डोळे मिटले, दात घट्ट आवळले आणि पाय आपटला. “पुसली,” असं म्हणून ती सरळ रेषेत बाहेर गेली.

रविवारी दुपारी आम्ही सतरंजीवर गोल बसलो. मी पेच वाचून दाखवला, आवाज शक्य तितका सूत्रधारासारखा काढून. वऱ्हाड-एकला दूरच्या एका ताऱ्याकडून हाक आली आहे. यान तिकडे जाऊ शकत नाही. छोट्या होडीत एकच माणूस मावतो, आणि हाक कॅप्टनलाच आली आहे. कॅप्टन पाच वेळा फासा टाकेल. एक, दोन, तीन पडलं तर कौल जाण्याचा. चार, पाच, सहा पडलं तर राहण्याचा. ज्या बाजूला जास्त कौल, तो निर्णय.

“पेच चांगला आहे,” आई म्हणाली. तिने फासा दोन्ही हातांत धरून घोळवला. ती फाशाकडे बघत नव्हती. चिमीकडे बघत होती, मग माझ्याकडे.

सहा.

“राहण्याचा,” मी म्हणाले.

पुन्हा सहा. मग चार. बाबांनी वहीत लिहिता लिहिता पेन्सिल थांबवली आणि मान वर केली.  मग खाली बघून त्यांनी चार लिहिलं.

सहा. सहा.

“पाचही राहण्याचे,” मी म्हणाले. मला वाटलं होतं मी आनंदाने उडी मारेन. चिमीने मारली. चाळणी उडून कूलरवर आपटली.

“ठरलं तर मग,” आई म्हणाली. तिने फासा डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि आम्हाला विचारलं, “पन्हं कोण कोण घेणार?”

पन्हं नेहमीसारखंच झालं होतं. संध्याकाळी आई चिमीबरोबर लगोरी खेळली, तिने गाणं गुणगुणत कपड्यांच्या घड्या घातल्या. मी मनाशी म्हटलं, बघ, काही झालं नाही. तिला कुठे एवढं जायचं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी यान पुन्हा सुरू झालं. आठवडा माझाच होता. मी नकारपत्र टेबलावर बघितलेलं होतं. पाकीट बंद करून, तिकीट लावून ठेवलेलं. बाबा संध्याकाळी ऊन उतरल्यावर पेटीत टाकणार होते. मी तिकडे न बघता पेच सुरू केला.

“यान एका नव्या ग्रहाजवळ आलंय. कॅप्टन, खिडकीतून काय दिसतं?”

हा प्रश्न आईचा आवडता होता. एरवी ती पडद्याची कड जराशी उचलायची आणि तिची गाडी सुटायची. जांभळ्या ढगांचे पट्टे, एकमेकांभोवती फिरणारे दोन चंद्र, बर्फाची कारंजी, आणि हे सगळं तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात बसणारं. पंधरा मिनिटं आम्ही तोंडाचा आ करून ऐकायचो.

त्या दिवशी तिने पडदा उचलला, बाहेर पाहिलं आणि सोडून दिला.

“काही नाही,” ती म्हणाली. “ऊन आहे.”

बाबांनी मान खाली घातली. चिमी वाट बघत राहिली, पुढे काही येतं का म्हणून.

“चंद्र?” चिमीने विचारलं.

“नाहीयेत गं.”

 आई घरात होती, माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, आणि तरी मला वाटलं की मी तिला कुठेतरी हरवून आलेय. मी उगाचच म्हणाले, “मग पुन्हा फासा टाकू या? नवीन खेळ?”

“नको. मला जरा पडू दे.” ती उठली आणि उठता उठता थांबली. “मुक्ता, तुला काय होतंय? चेहरा काहून असा?”

“काही नाही.”

“चिमे, ताईला काय झालंय?”

चिमीने चाळणी सावरली. हा प्रश्न कॅप्टनने विचारला होता, आणि खटला खोटं बोलायची परवानगी नव्हती. ती ताठ उभी राहिली. “त्या-भागा-तली-माहिती-पुस-लेली-आहे.”

“कोणत्या भागातली?”

“न्हाणी-घरा-तली.”

“कुणी पुसली?”

“दिशा-दर्श-काने-आदेश-दिला-होता. फाशाला-बूट-पॉलिश-लावल्या-नंतर.”

माझ्या आयुष्यात मी गुपित राखण्यात इतकी कच्ची मुलगी पाहिली नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, डबीतून फासा काढला, तळहातावर फिरवला आणि नखाने एकाचा ठिपका खरवडला. मेणाचा तुकडा पडला. पाठोपाठ सोल्डरचे चार कण सतरंजीवर सांडले.

“हे माझं सोल्डर आहे,” आई म्हणाली.

“हो.”

“तू फासा जड केलास?”

“हो.” आणि मग मला थांबता येईना. “तू जाऊ नयेस म्हणून. मी पत्र वाचलं होतं आधीच. मी आठवीत असताना तू नसलीस तर कसं चालेल? पण आई, मी सगळं परत करते, नवीन फासा टाकू, तू टाक, मी हातसुद्धा लावणार नाही...”

मला वाटलं ती पत्राबद्दल बोलेल. पण आधी ती खेळाबद्दलच चिडली, आणि काय चिडली! “यानात लबाडी? आपल्या यानात? अगं, वीस वर्षं मी त्या बिचाऱ्या लेखकांना आवाज कसा येईल म्हणून छळतेय, आणि माझ्याच घरात माझीच पोरगी भौतिकशास्त्राचा असा उपयोग करून राहिली! आणि तुम्ही!” ती बाबांकडे वळली. “तुम्ही संख्याशास्त्र शिकवता ना? पाच फेकांत चार सहा पडले आणि तुम्ही मुकाट लिहून घेतले?”

बाबा वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होते.

“अहो?”

“हजार वेळा खेळलं तर तीनदा पडतात तसे,” बाबा म्हणाले. “तिसऱ्या फेकीला फासा घरंगळताना एका बाजूला कलला, तेव्हाच शंका आली होती. लगेचच, तू पन्हं करायला गेलीस तेव्हा मी वीस वेळा टाकून बघितला. चौदा वेळा सहा.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि बोलला नाहीत?”

बाबांनी चष्मा काढला. मी त्यांना कधी खेळात कुणाला सूट देताना पाहिलं नव्हतं. चिमी तीन वर्षांची असताना तिलाही त्यांनी सापशिडीत हरवलं होतं. “नाही बोललो,” ते म्हणाले. “मलाही तू जायला नको होतीस. तसं तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती. पोरीने काम केलं, मी गप्प बसलो.”

 आई सतरंजीवर खाली बसली. राग एकदम उतरला होता आणि ती दमल्यासारखी दिसत होती.

“मी शनिवारी रात्रभर तीनशे वेळा मनात म्हटलं, एक पडू दे, दोन पडू दे,” ती म्हणाली. “देवासमोर कधी उभी राहिले नाही, पण त्या लाकडाच्या तुकड्याला विनवण्या केल्या. मला वाटलं, फासाच म्हणेल जा. म्हणजे मला म्हणावं लागणार नाही.”

“काय म्हणावं लागणार नाही?” मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. दोन दिवस मी समजत होते की आईचं मन दोन्हीकडे सारखं आहे आणि मी फक्त माझ्या बाजूला जरासा हात लावलाय.

चिमीने चाळणी काढून मांडीवर घेतली.

“मला जायचंय,” आई म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की कूलरच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं. मग तिने आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, नीट. “तुम्ही सगळे मला हवे आहात. आणि मला जायचंय.”

मी आईला इतकी वर्षं ओळखत होते. चहात साखर किती, डावीकडे झोपते की उजवीकडे, सगळं मला माहीत होतं. पण तिला स्वतःसाठी काहीतरी हवंय असं तिच्या तोंडून मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. मला राग आला, रडू आलं, आणि त्या सगळ्याच्या मध्येच कुठेतरी मला ती फार आवडली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, “फासा मात्र फार सुबक भरलास हं. मला फेकताना कळलंसुद्धा नाही.”

“तू फाशाकडे बघतच नव्हतीस,” बाबा म्हणाले. “पोरींकडे बघत होतीस.”

मग ते उठले. टेबलावरचं पाकीट घेतलं, मधोमध फाडलं आणि आईसमोर कोरा कागद आणि पेन आणून ठेवलं. आईने पत्र लिहिलं. चार ओळींचं, पण तीनदा लिहिलं. बाबांनी ते पाकिटात घातलं, जिभेने चिकटवलं आणि पायात चपला सरकवल्या.

“अहो, आत्ता कुठे? अडीच वाजलेत,” आई म्हणाली. “शेहेचाळीस आहे बाहेर. संध्याकाळी टाका.”

“संध्याकाळपर्यंत थांबलो तर मी टाकणार नाही,” बाबा म्हणाले आणि सायकल काढून गेले.

टपालपेटी चौकात होती, पाच मिनिटांच्या अंतरावर. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आई दारात उभी. चिमी चाळणीतून रस्त्याकडे बघत होती. पाऊण तास झाला असेल तेव्हा बाबा कोपऱ्यावरून सायकल ढकलत येताना दिसले. चेहरा लालबुंद, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, आणि उजवा हात कोपरापर्यंत खरचटलेला.

“पडलात की काय?” आई धावत फाटकाशी गेली. “टाकलं का पत्र?”

“टाकलं,” बाबा म्हणाले. सायकल भिंतीला टेकवून ते तसेच उभे राहिले, खाली बघत. “मग परत काढायला पेटीत हात घालून बघितला. निघत नाही.”